मतदारयादी आणि पक्षसंबंध : जुन्नर–आंबेगावच्या निमित्ताने एक पाठचिकित्सा

मतदारयादी हा भाषेच्या अभ्यासकाने हाती घ्यावयाचा विषय नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. यादी म्हणजे नावांची रास. तीत वाक्य नाही, अन्वय नाही, शैली तर नाहीच. तथापि ज्या लेखनावर लक्षावधी माणसांचा एक मूलभूत हक्क अवलंबून असतो, ज्याच्या दरवर्षी नव्या आवृत्त्या निघतात, ज्यात लोप, द्विरुक्ती आणि प्रक्षेप हे तिन्ही दोष संभवतात, त्या लेखनास पाठचिकित्सेची कसोटी लावू नये असे म्हणण्यास सबळ कारण दिसत नाही. ज्या पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ पासून १९६६ पर्यंत चालविले, त्या पुण्याच्याच जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या निमित्ताने हा विचार येथे करावयाचा आहे.

या विचाराची निकड अलीकडच्या काही वर्षांत वाढली आहे. मतदारसंख्येच्या आकड्यांवरून पक्षांच्या बलाबलाचे अनुमान काढणारे लेखन विपुल होऊ लागले आहे. अमुक मतदारसंघात इतके मतदार वाढले, अमुक पक्षाची मते तितकी वाढली, सबब वाढलेले मतदार त्या पक्षाचे, अशी त्या लेखनाची साधारण मांडणी असते. काही लेखक याच आकड्यांवरून नेमके उलट अनुमानही काढतात. दोन्ही पक्षांच्या मांडणीत एक गृहीत समान आहे. ते असे की, मतदाराचा पक्ष यादीतून कोणत्या ना कोणत्या रीतीने वाचता येतो. हे गृहीत तपासणे हाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

१

यादीत काय आहे हे पाहण्यापूर्वी तीत काय नाही हे पाहणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी सुमारे तीस राज्यांत मतदार नाव नोंदविताना आपला पक्षही नोंदवितो. त्यामुळे तेथे ‘नोंदलेले डेमोक्रॅट’ आणि ‘नोंदलेले रिपब्लिकन’ असे आकडे सरकारी दप्तरातच उपलब्ध होतात. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत कोणी मत द्यावे, हे ठरविण्यासाठी या नोंदीचा उपयोग केला जातो. सर्व राज्यांत मात्र असे नाही. मिशिगन आणि जॉर्जिया येथे नोंदणी आहे, पण तीत पक्ष नाही. नॉर्थ डकोटात तर मतदारांची नोंदणीच नाही. म्हणजे ज्या देशाचा दाखला वारंवार दिला जातो, तेथेही देशभराची पक्षनिहाय बेरीज पूर्ण होत नाही.

भारताच्या यादीत पक्षाचा रकाना नाही, ही केवळ अनवधानाने राहिलेली उणीव नव्हे. स्वातंत्र्यपूर्व काळातील मतदारयाद्या समूहनिहाय असत. मुसलमान आणि मुसलमानेतर असे मतदारसंघ वेगळे होते. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात मराठ्यांसाठी काही जागा राखीव होत्या. मतदार कोणत्या समूहाचा, हे त्या व्यवस्थेत आधी ठरे आणि मत मागाहून येई. भारतीय संविधानाच्या ३२५ व्या अनुच्छेदाने ही पद्धती मोडून प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सामान्य यादी ठरविली, आणि धर्म, वंश, जात वा लिंग या कारणावरून कोणासही तीतून वगळता येणार नाही असे सांगितले. ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला. त्याची वयोमर्यादा १९८९ पासून एकवीसवरून अठरावर आली. यादीतील मौन हे असे विचारपूर्वक स्वीकारलेले मौन आहे. ते भरून काढण्याची घाई करणाऱ्याने आपण नेमके काय भरून काढीत आहोत, याचा विचार अवश्य करावा.

२

आता यादीत जे आहे ते पाहू. अनुक्रमांक, मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घरक्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढाच तपशील तीत असतो. यांतील वडिलांचे वा पतीचे नाव हा रकाना व्याकरणदृष्ट्या अर्थपूर्ण आहे. तो षष्ठी विभक्तीचा रकाना आहे. व्यक्ती कोण, याचे उत्तर तेथे ‘कोणाची’ या प्रश्नाने दिले जाते.

ही रीत जुन्नरला नवी नाही. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत सातवाहनकालीन दानलेख आहेत. त्यांत दात्याचे नाव षष्ठीत येते. त्याच्या जोडीला कोठे पित्याचे नाव, कोठे गावाचे नाव, कोठे व्यावसायिक श्रेणीचा उल्लेख येतो. तीन दाते आपणांस यवन म्हणवितात. जवळच्याच नाणेघाटातील लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची मोजदाद अंकांत दिलेली आहे. मनुष्य कोणाचा आणि कोठला हे सांगून मग संख्या मांडावयाची, ही नोंदीची पद्धती या भूमीत दोन सहस्र वर्षांची आहे.

परंतु षष्ठीने ओळख देणे आणि षष्ठीतच ओळख विरून जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे १७ कोटी ३२ लक्ष मतदारांची नोंद झाली. ती करताना असंख्य स्त्रियांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘अमक्याची आई’ एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला, आणि सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. यांपैकी बहुसंख्य बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथील होत्या. मराठी प्रदेश या प्रश्नात अग्रभागी नव्हता. सेन यांच्या निर्णयाने त्या निवडणुकीपुरता मोठा लोप घडला, यात शंका नाही. पण त्यामागील तत्त्व भाषेच्या अंगाने अचूक होते. संबंध सांगणारी षष्ठी ही नामाची जागा घेऊ शकत नाही. मत देणारी व्यक्ती प्रथम स्वतःच्या नावाने उभी राहिली पाहिजे.

३

नाव मिळाले म्हणजे ओळख पक्की झाली, असेही नाही. मराठी नाव आज संगणकाच्या व्यवहारात देवनागरीतून रोमन लिपीत व रोमन लिपीतून पुन्हा देवनागरीत असा प्रवास करते. रोमन लिपीच्या नित्याच्या लेखनात ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त, ड आणि द यांचा भेद राहत नाही. परिणामी वाळुंज हे आडनाव परत येताना वालुंज होऊ शकते, शेळके याचे शेलके, बाणखेले याचे बानखेले, तर ढोबळे याचे धोबले. वाचणाऱ्यास हे मुद्रणदोष वाटतात. शोध घेणाऱ्या यंत्रास मात्र ती निराळी माणसे वाटतात. उलटपक्षी रोमन लिपीत तुलना केली, तर जी मुळात दोन भिन्न नावे आहेत ती एक भासू लागतात. एका पद्धतीत खरी द्विरुक्ती सुटते, दुसरीत खोटी द्विरुक्ती निर्माण होते. याद्यांतील दोषांची संख्या सांगणाऱ्या प्रत्येक लेखकाने आपण नावांची तुलना कोणत्या लिपीत केली, हे सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. मराठी प्रथेनुसार विवाहानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पुष्कळदा गाव बदलते, आणि काही घरांत स्वतःचे नावही बदलते. माहेरच्या यादीतील नोंद कमी न होता सासरच्या यादीत नवी नोंद झाली, तर दोन्ही नोंदींत समान असे वयाखेरीज फारसे काही उरत नाही. नावाच्या साम्यावरून द्विरुक्ती हुडकणाऱ्यास अशी नोंद सापडणार नाही. आणि एकाच गावात एकाच नावाच्या दोन निराळ्या सुना असल्या, तर त्यांच्यावर मात्र त्याची नजर ठरेल.

अशा द्विरुक्त नोंदीस मराठीने ‘दुबार’ हा शब्द दिला आहे. तो शेतकऱ्याचा शब्द आहे. पाऊस दडी मारतो, पहिले बियाणे वाया जाते, तेव्हा दुबार पेरणी करावी लागते. तिच्यात नुकसान असते, कपट नसते. मतदारयादीच्या चर्चेत मात्र ‘दुबार’ या शब्दास हेत्वारोपाची छटा आली आहे. शब्दाचा अर्थ असा सरकतो, तेव्हा दोष आणि गुन्हा यांतील सीमा पुसट होते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची कलमे १७ व १८ एकापेक्षा अधिक नोंदींस मनाई करतात. कलम ३१ जाणूनबुजून खोटे निवेदन करणाऱ्यास शिक्षा सांगते. दुबार नोंद आणि दुबार मतदान या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली यादी वाचून कळू शकते. दुसरी यादीवरून कळत नाही. तिच्यासाठी मतदान केंद्रावरील नोंदीच पाहाव्या लागतात.

४

नावानंतर वास्तव्याचा प्रश्न येतो. कायद्याची अट ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ असण्याची आहे. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास संपत नाही, असे कलम २० सांगते. जुन्नर व आंबेगावच्या बोलीत या अटीस सरळ प्रतिशब्द नाही. तेथे ‘राहतो कुठे?’ आणि ‘गाव कोणते?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मुंबईत वा नव्या मुंबईच्या बाजारपेठेत माथाडीचे काम करणारा मनुष्य ‘मी मुंबईला असतो, पण गाव जुन्नर’ असे सहज सांगतो. त्याच्या दृष्टीने तो खोटे बोलत नाही. यात्रेला, लग्नकार्याला आणि मतदानाला तो गावी येतो. भाषेत असलेला हा भेद कायद्याच्या एका रकान्यात मावत नाही, आणि दोन ठिकाणच्या नोंदींचे मूळ पुष्कळ वेळा येथे असते.

पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात याच अटीची दुसरी बाजू दिसते. महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजांतील कुटुंबे हंगामात शेतमजुरीसाठी नारायणगावच्या बाजूस उतरतात. त्यांची गैरहजेरी कायद्याच्या भाषेत तात्पुरतीच असते. परंतु पडताळणीच्या दिवशी घरास कुलूप दिसले, तर ‘स्थलांतरित’ हा शेरा पडण्याचा धोका असतो. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाने जुने आंबेगाव गावच पाण्याखाली घेतले. तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले, ते त्या जागी राहिले नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान झाले. ‘मयत’, ‘स्थलांतरित’ व ‘दुबार’ या तीन शेऱ्यांमागे किती निरनिराळी जीवने असतात, हे या तालुक्यांइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल. नुसत्या घट-वाढीच्या आकड्यात ती सर्व सारखीच होतात.

५

यानंतर मुख्य प्रमेयाकडे वळता येईल. मतदाराचा पक्ष यादीत नसताना तो वाचला कसा जातो? गावोगावचे कार्यकर्ते तो वाचतात, हे नाकारता येणार नाही. यादीचे पान समोर ठेवून ते आडनावावरून भावकी, भावकीवरून वस्ती, वस्तीवरून पुढारी आणि पुढाऱ्यावरून मत अशी साखळी लावतात. त्यांची भाषाही लक्षात घेण्यासारखी आहे. ‘हे घर साहेबांचे’, ‘ती आळी दादांची’, ‘तो अमक्याचा माणूस’. पक्षसंबंध सांगण्यासाठी मराठी पुन्हा षष्ठीकडेच वळते. आणि ती षष्ठी बहुधा पक्षाच्या नावाला न लागता व्यक्तीच्या नावाला लागते.

या दोन मतदारसंघांचा इतिहास या भाषिक निरीक्षणास पुष्टी देतो. आंबेगावातून दिलीप वळसे-पाटील १९९० पासून २०२४ पर्यंत सलग निवडून आले. या काळात त्यांचा पक्ष प्रथम काँग्रेस, १९९९ पासून राष्ट्रवादी काँग्रेस, आणि २०२३ च्या फुटीनंतर त्या पक्षाचा अजित पवार यांच्या नेतृत्वाखालील भाग असा बदलत गेला. जुन्नरमध्ये शरद सोनवणे २०१४ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेतर्फे निवडून आले, २०१९ साली शिवसेनेतर्फे लढून पराभूत झाले, आणि २०२४ साली अपक्ष म्हणून पुन्हा विजयी झाले. शिरूर लोकसभा मतदारसंघात शिवसेनेतर्फे दोनदा निवडून आलेले शिवाजीराव आढळराव-पाटील २०२४ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार होते. त्यांच्यामागे गेलेल्या मतदाराने पक्ष बदलला, की त्याने काहीच बदलले नाही? पक्षनिहाय तक्ता ‘बदलला’ असे सांगेल, तर बोलीतील षष्ठी ‘बदलला नाही’ असे सांगेल. यादी या प्रश्नावर काहीच बोलत नाही, आणि तेच योग्य आहे.

पक्षांनी जाहीर केलेल्या सदस्यसंख्येवरही विसंबता येत नाही. ती त्यांची स्वतःची गणना असते. शिवसेना व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या फुटीनंतर खरा पक्ष कोणता, हे ठरविताना फेब्रुवारी २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने संघटनेच्या संख्याबळाऐवजी विधिमंडळातील बहुमताचा आधार घेतला. पक्षात माणसे किती, हे खुद्द आयोगासही ज्या साधनांनी निश्चित करता आले नाही, त्या साधनांनी एखाद्या तालुक्याचा पक्षनिहाय तक्ता तयार होईल असे मानणे धाडसाचे आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत तर पक्षाचे चिन्हच नसते. तेथे ग्रामदैवताच्या नावाची पॅनेले लढतात, आणि निकालानंतर तेच सरपंच एकाहून अधिक पक्षांच्या हिशेबात मोजले जातात.

मतपत्रिकेवरील चिन्ह तरी पक्ष निःसंदिग्धपणे सांगते काय? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शरद पवार यांच्या पक्षास ‘तुतारी वाजविणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले, आणि ‘ट्रंपेट’ या मुक्त चिन्हाचे मराठी नावही ‘तुतारी’ असेच दिले गेले. दोन भिन्न वाद्यांस एकच शब्द पडला. साताऱ्यात या दुसऱ्या चिन्हाच्या उमेदवारास मिळालेली मते विजयी आणि पराभूत उमेदवारांतील अंतराहून अधिक होती. दिंडोरीत अशा उमेदवारास एक लक्षाहून अधिक मते पडली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत आंबेगावातील निर्णय १,५२३ मतांनी लागला, आणि पराभूत उमेदवाराशी नामसाधर्म्य असलेल्या एका अपक्षास त्याहून अधिक मते मिळाली. त्या मतांतील किती हेतुपूर्वक व किती भ्रमाने पडली, हे कोणत्याही तक्त्यावरून सांगता येत नाही. भाषांतराची एक हयगय आणि नावातील एक साम्य पक्षगणनेत किती अंतर पाडू शकते, याची ही उदाहरणे आहेत.

मतदान केंद्रनिहाय निकालपत्रक हे पक्षसंबंधाचे त्यातल्या त्यात जवळचे साधन होय. त्यात व्यक्ती नसते, केंद्र असते. परंतु डोंगरातील केंद्रावर मतदार मोजकेच असतात आणि ते एकाच वाडीचे असतात, तेव्हा केंद्राचा आकडा वाडीचे मतच उघड करतो. पूर्वी मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. मतदानयंत्राने मोजणी केंद्रवार झाली. यंत्रांची बेरीज एकत्रित करणारे साधन वापरावे, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात केली होती. अभ्यासकास जो आकडा उपयुक्त वाटतो, तोच वाडीच्या पाणीयोजनेस वा रस्त्यास अपायकारक ठरू शकतो, ही जाणीव संशोधनात असावयास हवी.

६

राज्यपातळीवरील वादाचा विचार याच भूमिकेतून करावा लागेल. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर विधानसभा निवडणुकीपर्यंत महाराष्ट्राच्या याद्यांत सुमारे ४८.८ लक्ष नावे आली व सुमारे ८ लक्ष गेली. निव्वळ वाढ सुमारे ४०.८ लक्ष झाली, असे निवडणूक आयोगाने सांगितले. मागील पाच वर्षांच्या वाढीहून ही वाढ अधिक असल्याने विरोधी पक्षांनी तीविषयी प्रश्न विचारले. ते विचारणे सर्वथा रास्त होते. ज्याअर्थी यादी ही सार्वजनिक संहिता आहे, त्याअर्थी तिच्या प्रत्येक आवृत्तीतील फरकाचे स्पष्टीकरण वाचकास मिळाले पाहिजे. तेही यंत्राने शोधता येईल अशा स्वरूपात मिळाले, तर चिकित्सा सुकर होईल. परंतु आलेली नावे अमुक पक्षाची होती हे विधान, ते कोणीही केले तरी, यादीवरून सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे यादीस वेळीच हरकत घेतली गेली नाही, एवढ्यावरून ती निर्दोष असल्याचेही सिद्ध होत नाही.

अशा तुलनेत साधी वाचनाची चूकही किती दूर नेते, हे ऑगस्ट २०२५ मध्ये दिसून आले. एका नामांकित अभ्याससंस्थेतील संशोधकाने रामटेक व देवळाली येथील मतदारसंख्येत मोठी घट झाल्याचे आकडे प्रसिद्ध केले, आणि तक्त्यातील ओळी चुकीच्या वाचल्या गेल्याचे सांगून दोन दिवसांत क्षमायाचनेसह मागे घेतले. चूक मान्य करणे हे विद्वत्तेस साजेसेच होते. पण तोवर ते आकडे वादात सर्वत्र पसरले होते.

मतदाराचा कल जाणण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग मराठी प्रदेशास अपरिचित नाही. पुणे विद्यापीठातील व. मं. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीच्या अभ्यासात प्रत्यक्ष मतदारांस प्रश्न विचारले. त्यावर आधारित त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. या पद्धतीत मतदार स्वतः उत्तर देतो, हवे तर उत्तर नाकारतो, आणि त्याचे नाव गुप्त राहते. आडनावावरून त्याच्यावतीने उत्तर लिहून टाकणे ही संशोधनाची पद्धती नव्हे. ते कार्यकर्त्याचे गणित आहे. त्यास विद्यापीठीय तक्त्याचे रूप दिल्याने त्याचे स्वरूप पालटत नाही.

संस्कृत वैयाकरणांनी षष्ठीस कारक मानले नाही. ती दोन नामांतील संबंध सांगते. क्रियेशी तिचा साक्षात अन्वय नसतो. यादीतील मतदार ‘अमक्याचा मुलगा’ किंवा ‘अमक्याची पत्नी’ असतो, कार्यकर्त्याच्या वहीत तो ‘अमक्याचा माणूस’ असतो. दोन्ही ठिकाणी तो संबंधाने बांधलेला आहे. मतदानाच्या खोलीत शिरल्यावर मात्र वाक्य बदलते. ‘त्याने मत दिले’, ‘तिने मत दिले’. तेथे विभक्ती तृतीया आहे, आणि तेथेच तो प्रथम कर्ता होतो. मतदारसंख्येचा अभ्यास करणाऱ्याने यादीची षष्ठी आणि मताची तृतीया यांची गल्लत करू नये. यादीने मतदाराचे नाव, गाव व वय बिनचूक सांगावे, आणि त्यापुढे मौन पाळावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा आहे.